साका बसणे (ॲक्रिलिक रंग)

बाटलीत पडून राहिलेल्या ॲक्रिलिक रंगातले रंगद्रव्य तळाशी बसणे आणि वर पातळ, जवळपास पारदर्शक निवळ उरणे म्हणजे साका बसणे. खेळातल्या आणि शोभेच्या छोट्या मूर्ती रंगवणाऱ्यांना याचा सतत त्रास होतो, कारण त्यांचा रंग मुद्दाम पातळ बनवलेला असतो आणि एक बाटली वर्षानुवर्षे पुरते. 'रंग फाटणे' हा प्रकार वेगळा. साका बसलेला रंग पुन्हा ढवळता येतो. फाटलेला रंग नासलेल्या दुधासारखा असतो, कितीही ढवळला तरी चोथापाणीच. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे चांगल्या बाटल्या कचऱ्यात जातात आणि वाया गेलेल्या बाटल्या तासन्‌तास हलवल्या जातात.

पुण्यात अनेक घरांत हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर उभा राहतो. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेले आणि गेल्या वर्षीच्या खोक्यातून काढलेले मावळे किल्ल्यावर चढायच्या आधी दुरुस्तीला येतात. कुणाचा फेटा खरवडलेला, कुणाच्या घोड्याचा कान उडालेला. त्यासाठी कपाटातून निघालेली पांढऱ्या रंगाची बाटली मागच्या वसुबारसेनंतर उघडलेलीच नसते. टेबलावरच्या युद्धखेळांच्या 28 ते 32 मिलिमीटरच्या मूर्ती रंगवणाऱ्यांचेही तसेच. ज्यांच्याकडे चाळीस बाटल्या असतात त्यांच्या हाती रोज पाच-सहाच येतात, बाकीच्यांत निवांत साका बसत राहतो.

ॲक्रिलिक रंग हा द्रावण नव्हे. पाण्यात ॲक्रिलिक बहुवारिकाचे (पॉलिमरचे) सूक्ष्म कण तरंगत असतात, भिंतीच्या इमल्शनसारखेच, आणि त्यात रंगद्रव्याची भुकटी लटकवलेली असते. बहुवारिकाची घनता पाण्याहून किंचितच जास्त असल्याने ते सहसा खाली बसत नाही. रंगद्रव्याचे तसे नाही. पांढऱ्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या चौपटीहून अधिक, गेरूच्या जातीच्या लोह ऑक्साइडची सुमारे पाचपट. काजळीचा काळा आणि थॅलो निळा त्या मानाने हलके, दोनपटीच्या आत. म्हणून पांढरा, पिवळी माती आणि तांबडा यांच्यात साका लवकर बसतो, तर निळी बाटली वर्षानेही बरी निघते.

जॉर्ज स्टोक्सने 1851 मध्ये मांडलेल्या नियमानुसार कण खाली बसण्याचा वेग घनतेच्या फरकाच्या आणि त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि द्रव जितका दाट तितका कमी होतो. 0.3 मायक्रॉन व्यासाचा टायटॅनियमचा कण साध्या पाण्यात दिवसाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास उतरेल. द्रव शंभरपट दाट असेल तर एका मिलिमीटरचा आठवा भाग. या हिशेबाने पाच सेंटिमीटर उंचीच्या बाटलीचा तळ गाठायला वर्षाहून थोडा जास्त काळ लागतो, म्हणजे एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत. प्रत्यक्षात कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि काम लवकर उरकतात. उलट बाजूने, कारखान्यात घातलेली दाटपणा आणणारी द्रव्ये त्यांना रोखून धरतात. ब्रशसाठी किंवा एअरब्रशसाठी आपण रंगात पाणी घालतो तेव्हा हा आधारच काढून घेतो. म्हणून पातळ करून ठेवलेला रंग बाटलीतल्या रंगापेक्षा कितीतरी आधी वेगळा होतो. रात्रभर झाकून ठेवलेल्या ओल्या पॅलेटवर (रंग वाळू नये म्हणून खालून ओलसर ठेवलेल्या पाटीवर) सकाळी रंगाच्या कडेला दिसणारे पाणचट वलय त्यातलेच.

मिश्र छटांत फसगत जास्त होते. कातडीचा रंग किंवा फिकट भगवा ही जड पांढऱ्याची आणि हलक्या सेंद्रिय रंगद्रव्यांची सरमिसळ असू शकते. पांढरा खाली गेला की वर उरलेला भगवा भडक दिसतो, आणि न हलवता घेतलेल्या थेंबाने रंगवलेला झेंडा एका बाजूने निराळा उमटतो. दोष डोळ्यांना दिला जातो. मॅट रंगांत आणि मॅट वार्निशमध्ये चकाकी घालवणारी सिलिकासारखी भुकटी असते, तीही तळाशी जाते. तेव्हा वरचा भाग लावला तर मूर्ती चकाकते आणि तळचा लावला तर तिच्यावर पांढुरकी धूळ बसल्यासारखी दिसते. जुलैत गॅलरीत उभे राहून स्प्रे वार्निश मारल्यावर येणारा पांढुरका पडदा मात्र बहुधा हवेतल्या ओलीचा असतो. त्याचे खापर साक्यावर फोडू नये.

वरचे 'पाणी' ओतून टाकणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. ते नुसते पाणी नसते. रंगद्रव्य मूर्तीला चिकटवून ठेवणारे बहुवारिक त्यातच असते. ते गेले की उरलेला रंग खडूसारखा लागतो आणि बोट फिरवले की निघतो. पहिला पारदर्शक थेंब पॅलेटवर पडला तर तो पुसून टाकण्यापेक्षा बाटली बंद करून पुन्हा हलवावी. तो टाकायची सवय लागली की प्रत्येक वेळी बाटलीतले प्रमाण थोडेथोडे बिघडत जाते.

साका मोडायची सुरुवात हलवण्याने नव्हे, खरवडण्याने करावी. 17 किंवा 18 मिलिलिटरच्या ड्रॉपर बाटलीचे तोंड उपसून काढता येते. आत काडी घालून तळ खरवडावा. जळून संपलेल्या उदबत्तीची काडी धुऊन वापरली तर याहून चांगले अवजार नाही, बारीक, लांब आणि फुकट. तळाचा गोळा सुटला की तोंड बसवून बाटली दोन्ही तळहातांत धरावी आणि रवी फिरवतात तशी फिरवावी. ताक घुसळणाऱ्या घरात हे शिकवावे लागत नाही. जोरात वरखाली हलवल्यानेही रंग मिसळतो, पण फेस होतो, आणि तो फेस मूर्तीच्या चेहऱ्यावर बारीक खड्डे ठेवून वाळतो. तसे हलवलेच तर काही मिनिटे थांबावे.

बाटलीत एक-दोन गोळ्या टाकणे हा कायमचा उपाय. नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांतून बेअरिंगच्या गोळ्या मिळतात, पण साध्या बेअरिंग पोलादाच्या गोळ्या पाण्यातल्या रंगात गंजतात आणि पांढरा रंग काही महिन्यांत ताकाच्या कढीसारखा पिवळट होतो. स्टेनलेसच्या घ्याव्यात, चार-पाच मिलिमीटरच्या. लोहचुंबकाला घट्ट चिकटणारी गोळी नको. स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटतात हे खरे, पण गंजायची जोखीम घेण्याचे कारण नाही. काचेचे मणी वापरायचे तर ते आरपार रंगीत काचेचे असावेत. वरून रंग चढवलेल्या मण्यांचा रंग बाटलीत उतरतो.

ढवळल्यावरही रंग दाट वाटला तर पाणी घालावे लागते, आणि कोणते पाणी यावर बरेच अवलंबून आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती गुठळ्या होऊन खाली बसते, कारण तुरटीतले विद्युतभारित कण मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा भार नाहीसा करतात. जड पाण्यातले कॅल्शियम रंगात हेच काम थोड्या प्रमाणात करते. खडकवासल्याचे नळाचे पाणी त्या मानाने मऊ आहे, मात्र टँकरने बोअरचे पाणी आणणाऱ्या सोसायट्यांत बादलीवर पांढरे डाग पडतात, ते पाणी बाटलीत घालू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी स्वस्त आणि खात्रीचे (शेजारच्या कॅनमध्ये ॲसिड असते, तेवढे पाहून घ्यावे). एका वेळी एकच थेंब घालावा. निवळ आधीच फेकली गेली असेल तर पाण्याने भागत नाही, मॅट मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेले ॲक्रिलिक, घालावे लागते. स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा थिनर घालण्याचा सल्ला बाटलीच्या बाबतीत निखालस चुकीचा आहे. त्यांनी इमल्शन फुटते आणि साक्याचा चोथा होतो.

फाटलेला रंग ओळखायला अंगठ्याच्या नखावर एक थेंब पसरवून पाहावा. गुळगुळीत पसरला तर ठीक. रवाळ दाणे, रबरासारख्या तारा किंवा कातडीचे तुकडे दिसले तर बाटली संपली. इमल्शन गोठून पुन्हा वितळले की असे होते. पुण्याच्या थंडीत ते घडत नाही, फ्रीझरमध्ये ठेवले तरच घडेल. आपल्याकडचा शत्रू मे महिना. चाळिशीच्या उन्हात बंद गाडीत विसरलेली पिशवी, किंवा कोरड्या हवेत सैल झाकणातून महिनोन्‌महिने उडत गेलेले पाणी. वाळून झालेली साय पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ती काडीने काढून टाकावी, ढवळून आत मिसळू नये. आंबूस वास येणारा रंग जंतूंनी बिघडलेला असतो, तोही गेला.

गेलेल्या रंगाला किल्ल्यावर काम मिळते. चाळलेली माती, बारीक वाळू आणि फेविकॉल यांत तो कालवला की मूर्तीच्या तळाशी लावायला चिखल आणि खडक तयार होतात, आणि तिथे दाणे असले तर बरेच.