‘हार्वर्डला झाडू मारणारासुद्धा मजेत असतो’

विश्रामबागच्या चहाच्या टपरीवर हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. पोरगं परदेशी शिकायला निघालं की कुणीतरी म्हणतंच, ‘तिकडं विद्यापीठं एवढी श्रीमंत, की शिपायालाही काही कमी पडत नाही.’

हे खरं नाही. २००१ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयाच्या इमारतीत २१ दिवस ठिय्या दिला होता. मागणी एवढीच, की सफाई कामगार, पहारेकरी आणि खानावळीतल्या माणसांना तासाला किमान सव्वादहा डॉलर द्या. तेव्हा विद्यापीठाचा निधी १९ अब्ज डॉलरच्या आसपास होता! तरी हार्वर्ड जिथं आहे त्या अमेरिकेतल्या केंब्रिजसारख्या महागड्या गावात या लोकांना घरभाडं झेपत नव्हतं.

कारण निधी आणि पगार या दोन वेगळ्या वाटा आहेत. निधीचा बराचसा भाग देणगीदारांनी ठरावीक कामासाठी बांधून दिलेला असतो. आणि काम ठेकेदाराकडं गेलं, की सगळ्यात स्वस्त निविदा जिंकते. ती स्वस्त होते ती मजुरीतूनच. आंदोलनानंतर हार्वर्डनं ठेक्यावरच्या माणसांनाही कायम कामगारांइतकंच वेतन द्यायचं धोरण आणलं.

आमच्या गल्लीतल्या मावशी पहाटे पाचला डबा बांधून एका कॉलेजात झाडायला जातात. पगार थकला की ‘ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर मिळतं. तेही चूक. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं, म्हणजे इथं कॉलेजनं, द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलं होतं. मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं.