जुन्या सिनेमा पोस्टरांचा भाव

सिनेमाचं पोस्टर म्हणजे थिएटरबाहेर, नाक्यावर, स्टेशनच्या भिंतीवर लावायला छापलेला जाहिरातीचा कागद. हा कागद टिकावा असं छापणाऱ्यालाही कधी वाटलं नव्हतं. सिनेमा उतरला की त्यावरच पुढच्याचं चिकटवायचं, नाहीतर पाऊस त्याचं काय ते बघून घ्यायचा. म्हणून जे भिंतीवर लागलं ते गेलं, आणि जे लावायचं राहून गोदामात घडी घालून पडलं त्यालाच आज संग्राहकांमध्ये भाव आहे.

ठाण्यात अशोक, प्रभात, गणेश, आनंद, वंदना, मल्हार अशी थिएटरं होती, वंदनाच्या नावाने तर एसटी डेपोसुद्धा ओळखला जातो. एवढी थिएटरं म्हणजे दर शुक्रवारी किती कागद शहरात लागत असेल विचार करा, आणि त्यातलं आज कुणाच्या माळ्यावर एक जरी निघालं तरी नशीबच. मुंबई सर्किटचे, म्हणजे मुंबई विभागातल्या थिएटरांना सिनेमे पुरवणारे, बरेच डिस्ट्रिब्यूटर लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये बसायचे, तिथली ऑफिसं आवरली तेव्हा निघालेला माल रद्दीच्या भावात गेला आणि फिरत फिरत संग्राहकांकडे पोचला.

भाव ठरतो तो आधी एका प्रश्नावर: पोस्टर पहिल्या रिलीजचं आहे की नंतरच्या? आपल्याकडे चाललेला सिनेमा पुन्हा पुन्हा लागायचा, प्रत्येक वेळी नवीन पोस्टर छापायचे आणि बऱ्याचदा चित्रच बदलायचे. ‘मुगल-ए-आझम’ 1960 चा, पण 2004 मध्ये तो रंगीत करून परत रिलीज झाला, त्यामुळे 1960 चं पोस्टर आणि 2004 चं पोस्टर यांचा भाव एकाच ओळीत सांगताच येत नाही. विकणारा मात्र दोन्हीला ‘ओरिजिनल’ म्हणतो, आणि तसं बघितलं तर तो खोटंही बोलत नसतो!

दुसरी गोष्ट चित्रकार. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं ‘कल्याण खजिना’ या मूकपटाचं 1924 चं पोस्टर हे भारतातलं सगळ्यात जुनं शिल्लक पोस्टर मानलं जातं. एम. एफ. हुसेन मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंगच रंगवायचे. दिवाकर करकरे यांनी सत्तरच्या दशकात ‘दीवार’सारख्या सिनेमांची पोस्टरं रंगवली, ते जाड रंगाचे फटकारे लांबूनही ओळखू येतात. पण त्या काळात या लोकांची गणना कलाकारांत कुणी केली नाही, पोस्टरवर सही असली तर असली, नसली तर नसली, त्यामुळे आज कुठलं कुणाचं यावर संग्राहकांत तासन्‌तास वाद चालतात.

जगातले आकडे ऐकले की डोकं फिरतं. ‘मेट्रोपोलिस’ या 1927 च्या जर्मन सिनेमाचं पोस्टर 2005 मध्ये 6,90,000 डॉलरला गेलं, कारण त्याच्या जेमतेम चार प्रती माहीत आहेत. 1931 च्या ‘ड्रॅक्युला’चं पोस्टर 2017 मध्ये 5,25,800 डॉलरला विकलं गेलं. त्याच वर्षी ‘कॅसाब्लांका’चं एक पोस्टर 4,78,000 डॉलरला गेलं आणि ते अमेरिकन नव्हतं, इटलीत छापलेलं होतं, म्हणजे चित्र भारी असेल तर सिनेमा कुठला आणि पोस्टर कुठलं हेही लोक बघत नाहीत. हिंदी-मराठी पोस्टरांचा बाजार याच्या आसपासही नाही.

तिसरी गोष्ट अवस्था, आणि इथे ठाणेकरांची खरी पंचाईत. खाडीकाठची दमट हवा, चार महिने पाऊस, वर कसर आणि वाळवी. घडीच्या रेघा चालतात, कारण पोस्टर घडी घालूनच यायचं, टाचणीची भोकंही एकवेळ चालतात. पण कडा कापलेल्या, मागे सेलोटेप लावलेली, ओल येऊन डाग पडलेले असले की किंमत धाडकन उतरते. आणि लॅमिनेशन केलं की संपलंच. माझ्या ओळखीत एकाने वडिलांनी जपलेलं पोस्टर प्रेमाने लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं, दिसतं छान, पण संग्राहक त्याच्याकडे बघतही नाही. फाटकं पोस्टर वाचवायचंच असेल तर जाणकाराकडून कापडावर चढवून घेतात, आणि चिकटवताना असाच गोंद वापरायचा जो पुढे पाण्याने सोडवता येईल.

नकली ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. जुन्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, रंगाचे वेडेवाकडे कण दिसतात, नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत बसलेले असतात, आणि हल्लीच्या इंकजेट प्रिंटरच्या छपाईत नुसता फवारा. कागदही बोलतो, जुना पातळ आणि कडेला पिवळा पडलेला, नवा जाड आणि गुळगुळीत. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद सगळीकडे एकसारखा पिवळा असतो, तिथे पकडला जातो. खालच्या पट्टीत प्रेसचं नाव असतं तेही वाचायचं, रीप्रिंटवाले नेमकी तीच पट्टी कापतात.

ठाण्यातले हौशी लोक अजून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून चालत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला जातात, मात्र शुक्रवारी जात नाहीत, त्या दिवशी तिथली दुकानं बंद असतात. पोस्टरबरोबर तिथे लॉबी कार्डं, म्हणजे थिएटरच्या लॉबीत लावायची सिनेमातली छोटी चित्रं, आणि गाण्यांच्या पुस्तिकाही मिळतात, त्या स्वस्त, म्हणून सुरुवात बरेच जण त्यांच्यापासूनच करतात. घासाघीस होतेच, पण आपण भिंग खिशातून काढलं की दुकानदाराचा सूर जरा बदलतो.

विकताना एक कायदा आडवा येतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मूकपटांच्या काळातली पोस्टरं आता एकेक करून त्या वयाला पोचतायत.