खालच्या गुदाशयाचा निचरा : लसिका, शिरा आणि कॅन्सरची सर्जरी

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटरचा भाग, दवाखान्यात सगळे रेक्टमच म्हणतात. त्यातला गुदद्वाराकडून मोजला तर पहिला ५-६ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे लोअर रेक्टम, खालचा गुदाशय. हा भाग पोटाच्या पडद्याच्या, म्हणजे पेरिटोनियमच्या घडीखाली असतो, पुढे पुरुषात प्रोस्टेट आणि बाईत योनीची भिंत, मागे त्रिकास्थी आणि माकडहाड, दोन्ही बाजूंना हाडांची भिंत, असा सगळीकडून अडकलेला. इथल्या कॅन्सरची सर्जरी अवघड असायचं एक कारण ही अडचणीची जागा, आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे इथून रक्त आणि लसिका (शरीराच्या भागांतून गोळा होऊन वाहणारं पातळ पाणी, लिम्फ) एकाच दिशेला जात नाही. वरच्या रेक्टमचा सगळा निचरा वर जातो, खालचा वर पण जातो आणि आडवा पण जातो, आणि कॅन्सरच्या पेशी ह्याच वाटांनी बाहेर पडतात.

महाबळेश्वरला पडलेला पाऊस एका उताराने कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो आणि दुसऱ्या उताराने सावित्रीतून अरबी समुद्राला, तसाच काहीसा घाटमाथा ह्या भागात आहे.

शिरांचं आधी बघू. रेक्टमच्या आवरणाखाली शिरांचं जाळं असतं, मूळव्याध ज्या शिरा फुगून होते त्या ह्याच. ह्या जाळ्यातून वर निघते ती सुपीरियर रेक्टल शीर, ती वर जाऊन इन्फीरियर मेसेंटेरिक शीर होते, स्वादुपिंडाच्या मागे बहुतेक वेळा प्लीहेच्या शिरेला मिळते आणि तिथून पोर्टल शिरेतून रक्त सरळ लिव्हरमध्ये. म्हणून आतड्याचा कॅन्सर पसरला की पहिला संशय लिव्हरवर. पण मधली आणि खालची रेक्टल शीर लिव्हरकडे जातच नाहीत, त्या ओटीपोटाच्या बाजूच्या इंटर्नल इलियाक शिरेला मिळतात, तिथून मोठ्या महाशिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात. म्हणजे खालच्या गुदाशयातली पेशी लिव्हरची चाळणी चुकवून थेट फुप्फुसात पोचू शकते, आणि लिव्हर स्वच्छ पण फुप्फुसात डाग असं चित्र खालच्या गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये वरच्यापेक्षा जास्त दिसतं, ते ह्यामुळे. म्हणून अशा पेशंटचा छातीचा सीटी स्कॅन टाळून चालत नाही, पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे झालं असं नसतं.

मूळव्याधीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच असणार असं धरून महिनोन्‌महिने मलम आणि चूर्ण चालू राहतं, आणि गाठ मात्र बोटाच्या टप्प्यात असते. खालच्या गुदाशयातली बरीचशी गाठ ग्लोव्ह घालून एका बोटाने तपासलं तरी हाताला लागते, दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न झाल्यामुळे उशीर झालेले पेशंट बघितले की फार वाईट वाटतं.

शिरांचं आणखी एक जाळं सर्जनला माहीत असावंच लागतं, ते म्हणजे त्रिकास्थीच्या पुढ्यात चिकटून असलेलं प्रीसेक्रल जाळं. ह्या शिरांना झडपा नसतात, हाडाच्या आतल्या शिरांशी पण त्या जोडलेल्या असतात, आणि ऑपरेशन करताना मागे एक चुकीचा कट गेला की रक्त हाडातून भळाभळा येतं, शीर आत हाडात सरकते म्हणून चिमट्यात सापडत नाही. अशा वेळी पॅक दाबून ठेवतात, कधी चक्क टाचणीसारखी स्टीलची पिन हाडात ठोकून थांबवतात. ह्यावर खरा उपाय म्हणजे ह्या शिरांना झाकणाऱ्या मागच्या पडद्याच्या पुढेच राहणं, त्याला भोक न पाडणं.

आता लसिका. लसिकावाहिन्या साधारण रक्तवाहिन्यांच्याच सोबतीने जातात आणि वाटेत जागोजागी गाठी असतात, ज्यांना आपण लिम्फ नोड म्हणतो. रेक्टमच्या लसिकावाहिन्यांचा नकाशा दिमित्री गेरोटा ह्या रोमानियन शास्त्रज्ञाने १८९५ मध्येच रंग भरून काढला होता. पण सर्जनांच्या डोक्यात तो बसवला लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने. तो आधी फक्त खालून, म्हणजे गुदद्वाराच्या बाजूने, रेक्टम काढायचा, आणि त्याच्या ५७ पेशंटपैकी ५४ जणांना कॅन्सर परत आला. कुठे परत आला हे त्याने बघितलं आणि ठरवलं की पसरण वर, बाजूला आणि खाली अशी तिन्ही दिशांनी होते, आणि १९०८ मध्ये पोटातून आणि खालून दोन्हीकडून काढायचं ऑपरेशन त्याने मांडलं, जे एपीआर (अ‍ॅब्डोमिनोपेरिनियल रिसेक्शन) नावाने आजही होतं. पुढे कळलं की खाली पसरणं फार कमी असतं, वरच्या वाटेतले लिम्फ नोड कॅन्सरने तुंबले तर मात्र उलटा प्रवाह होऊ शकतो. वरची वाट हीच मुख्य.

ही वरची वाट मेसोरेक्टममधून जाते. मेसोरेक्टम म्हणजे रेक्टमभोवतीचा चरबीचा गोळा, त्यातच सुपीरियर रेक्टल धमनी, शीर आणि बहुतेक गाठी असतात, आणि त्याला बाहेरून एक पातळ पडदा असतो. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड ह्यांनी १९८२ मध्ये सांगितलं की हा गोळा पडद्यासकट अखंड काढा, फाडू नका, ह्यालाच टीएमई (टोटल मेसोरेक्टल एक्सिजन) म्हणतात. ऑपरेशनमध्ये योग्य जागी ताण दिला की पडद्याबाहेर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू दिसतात, रक्त जवळजवळ येत नाही, तेच कापत खाली जायचं, आणि पिवळी चरबी उघडी दिसायला लागली तर समजायचं आपण आत घुसलो. पण खालच्या गुदाशयात गंमत अशी की हा गोळा ओटीपोटाच्या तळाच्या लेव्हेटर स्नायूजवळ निमुळता होत संपूनच जातो, म्हणजे कॅन्सरची गाठ आणि काढलेल्या तुकड्याची बाहेरची कड ह्यांच्यात चरबीची गादीच उरत नाही, म्हणून इथे कड कॅन्सरमुक्त मिळवणं वरच्यापेक्षा कठीण.

आणि टीएमई कितीही सुंदर झालं तरी बाजूची वाट त्याच्या बाहेर आहे. पेरिटोनियमच्या घडीखालच्या कॅन्सरमधून लसिका मधल्या रेक्टल वाहिन्यांसोबत आडवी जाते, इंटर्नल इलियाक धमनीजवळच्या आणि ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीलगतच्या ऑब्च्युरेटर खड्ड्यातल्या लिम्फ नोडच्या गाठींमध्ये. जपानी सर्जन ह्यांना नंबरने ओळखतात, २६३ आणि २८३. जपानमध्ये ह्या गाठी काढायची पद्धत जुनी आहे, पश्चिमेकडे मात्र आधी केमो-रेडिएशन देऊन बाजूला हात न लावण्याकडे कल राहिला. जपानच्या जेसीओजी ०२१२ ट्रायलमध्ये ७०१ पेशंट होते, बाजूच्या गाठी मोठ्या न दिसणारे आणि आधी रेडिएशन न दिलेले, त्यात बाजूच्या गाठी काढल्या तर ओटीपोटात कॅन्सर परत यायचं प्रमाण ७ टक्के आणि न काढल्या तर १३ टक्के निघालं, पण एकूण जगण्यात ठळक फरक दिसला नाही. मग २०१९ मध्ये अनेक देशांतल्या १,२१६ पेशंटचा अभ्यास आला, त्यात रेडिएशनच्या आधीच्या एमआरआयवर बाजूची गाठ ७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर फक्त रेडिएशन आणि टीएमई करून ५ वर्षांत बाजूला कॅन्सर परत यायचं प्रमाण १९.५ टक्के, आणि गाठी काढल्या तर ५.७ टक्के. माझ्या मते ह्या आकड्याने वाद बराच मिटवला, सरसकट सगळ्यांच्या काढायच्या नाहीत पण पहिल्या एमआरआयवर मोठी दिसलेली गाठ रेडिएशननंतर बारीक झाली म्हणून विसरायची पण नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्येही अशी निवडक पेशंटमध्ये बाजूच्या गाठींची सर्जरी होते.

ह्या सर्जरीत युरेटर (मूत्रनळी) आणि लघवी-लैंगिक क्रियेशी संबंधित हायपोगॅस्ट्रिक नर्व्ह आधी आतल्या बाजूला वेगळी करून ठेवतात, मग बाहेरच्या बाजूने एक्स्टर्नल इलियाक शिरेखाली ऑब्च्युरेटर खड्डा उघडतात. चरबी हळूहळू सोलत गेलं की तळाशी एक पांढरी दोरी आडवी दिसते, ती ऑब्च्युरेटर नर्व्ह. ती जपायचीच, नाहीतर पेशंटला मांडी आत ओढायला त्रास होतो. त्रास देतात त्या इंटर्नल इलियाक शिरेच्या फांद्या, धमन्यांचा क्रम थोडाफार ठरलेला पण शिरा प्रत्येक माणसात वेगळ्या, आणि पातळ भिंतीच्या. लघवी आणि लैंगिक क्रियेच्या दोन्ही बाजूंच्या नर्व्ह दुखावल्या तर लघवी आपली आपण होत नाही, लैंगिक क्रिया जाते, आणि हे पेशंटला ऑपरेशनआधी मोकळेपणाने सांगायलाच हवं, बरेचदा संकोचापोटी ते राहून जातं.

एक वाट राहिली. गुदद्वाराच्या आत डेंटेट लाइन नावाची दातेरी रेषा असते, तिच्या खालची लसिका जांघेतल्या गाठींकडे जाते. गुदाशयाचा कॅन्सर ह्या रेषेच्या खाली उतरला असेल तर जांघा हाताने तपासणं आणि एमआरआयवर बघणं आलंच.

काढलेल्या गाठी पॅथॉलॉजीला पाठवताना मेसोरेक्टमचा तुकडा वेगळा, डाव्या-उजव्या बाजूच्या गाठी वेगळ्या, त्यातही इलियाक आणि ऑब्च्युरेटर वेगवेगळ्या बरणीत आणि प्रत्येकीवर नाव घालून द्यायच्या, सगळं एकत्र टाकलं तर कॅन्सर कुठल्या वाटेने गेला होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.