वाचा-उपचाराचं शिक्षण मराठवाड्यापासून लांब का राहिलं

‘बाप बी उशिराच बोलला होता, बोलंल की हे बी.’ तीन वर्षांचं लेकरू बोलत नाही म्हटलं की आपल्याकडं घरोघरी हेच ऐकू येतं. दोष घरच्यांचा नाही. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचेवर उपचार करणारा, जवळपास कधी दिसलाच नाही, तर न्यायचं कुणाकडं?

भारतात वाचा-उपचाराचं शिक्षण उभं राहिलं साठच्या दशकात. १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था निघाली, त्याच सुमारास मुंबईच्या नायर रुग्णालयात पदवीचे वर्ग सुरू झाले. १९८३ मध्ये मुंबईतच राष्ट्रीय श्रवण संस्था आली, अली यावर जंग यांच्या नावाची. ते मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढं महाराष्ट्राचे राज्यपाल. मराठवाड्यातली कॉलेजं एकेकाळी त्याच उस्मानियाला जोडलेली होती. नाव आपल्या जुन्या मुलखातलं, संस्था मात्र रात्रभराच्या प्रवासावर. औरंगाबादला १९५६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पुढं अंबाजोगाई, नांदेड, लातूरलाही झालं. तरी वाचा-श्रवणाच्या पदवीसाठी पोरं मुंबई-पुण्याचीच वाट धरत राहिली.

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानं या कामाला नोंदणी सक्तीची केली. पदवी चार वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि अंगणवाडी-शाळेतल्या तपासणीत उशिरा बोलणारी लेकरं सापडू लागली. सापडलेल्या लेकराचे आधी कान तपासतात, कारण ऐकू न येणारं मूल बोलायला शिकणार कसं? म्हणूनच ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणाचं शास्त्र, आणि स्पीच थेरपी एकाच पदवीत शिकवतात.

पुढचं काम मात्र इथल्या भाषेत उतरल्याशिवाय होत नाही. पाच वर्षांचा पोरगा ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, तर उपचार हवेत. तोच ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणत असेल, तर ती त्याच्या घरची बोली आहे, तिला हात लावायचा नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी, देगलूरकडं तेलुगू, उदगीरकडं कन्नड, शहरात दखनी. लकव्यानं वाचा गेलेल्या तांड्यावरच्या आजोबांकडून प्रमाण मराठीत शब्द वदवून घेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. बारावी सायन्सच्या इथल्या पोरापोरींनी इकडं वळावं, असं मला वाटतं ते यासाठीच. आजोबांना गोरमाटीत ‘पाणी हवं का’ विचारणारा थेरपिस्ट तांड्यावरचाच, शिकून आलेला असेल.