किनाबतांगनच्या काठावर प्राणी इतके सहज का दिसतात?

डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात व्हिसाशिवाय जाता येतं. क्वालालंपूर-लंकावी उरकलेले मुंबईकर त्यामुळे आता बोर्निओ बेटाचीही चौकशी करतात. त्यातलं ठरलेलं आकर्षण म्हणजे सबाह राज्यातल्या ५६० किलोमीटर लांबीच्या किनाबतांगन नदीवरची छोट्या होडीतली फेरी.

इथल्या गुहांमधली पाकोळी पक्ष्यांची घरटी खाण्यासाठी शतकानुशतकं चीनला जात. पुढे ब्रिटिश आले, लाकूडतोड आली. १९५० नंतर तर सखल भागातले मोठे वृक्ष झपाट्याने गेले आणि १९८० च्या दशकापासून त्या जागी तेलमाड, म्हणजे पामतेलाची झाडं, उभे राहिले. पर्यटकांसाठी सुकाऊ गावात लॉज निघाले तेव्हा दोन्ही काठांचा बराच भाग मळ्यांकडे गेलेला होता.

खरा वाद आहे तो २००५ च्या निर्णयाचा. सुमारे २६ हजार हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, पण ते दहा तुकड्यांत. मध्ये मळे, खासगी जमिनी, गावं. हातात होतं तेवढं तरी वाचवलं, असं समर्थन करता येतं आणि ते अगदीच खोटं नाही. पण हत्ती तुकडे मोजत चालत नाहीत. नदीकाठाने पुढे सरकायचं तर त्यांना मळ्यातून जावं लागतं आणि तिथे विजेची कुंपणं असतात. झाडांवर राहणाऱ्या ओरांगउटान वानराला पोहता येत नाही. पूर्वी दोन्ही काठांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असत. ती झाडं गेल्यावर उपनद्यांवर दोरखंडांचे आणि अग्निशमनाच्या जुन्या पाइपांचे झुलते पूल बांधावे लागले. १९९८ च्या राज्य कायद्याने नदीलगत २० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं खरं, पण आपल्या लोकलचा एक डबा साधारण तेवढाच लांब असतो!

होडीतून इतकं दिसतं त्यामागे हेच आहे. लांब नाकाची माकडं मुळातच संध्याकाळी काठावरच्या झाडांवर झोपायला येतात. ऐरोलीत फ्लेमिंगो पाहायची बोट भरतीचं गणित पाहून सुटते, तशी इथली होडी दुपारी चारच्या सुमारास निघते ती या माकडांसाठी. पण हत्ती, ओरांगउटान, धनेश यांची एवढी गर्दी काठावर होते, कारण मागे जंगलच उरलेलं नाही. जाहिरातीत याला ‘हमखास दर्शन’ म्हणतात.

सुकाऊजवळ नदीवर पूल बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा हत्तींची वाट तुटेल म्हणून जगभरातून विरोध झाला आणि २०१७ मध्ये तो बेत रद्द झाला. गावकऱ्यांना मात्र तो पूल हवा होता. पलीकडे जायला त्यांच्याकडेही होडीच आहे.

मळ्यांबद्दल मुंबईत बसून नाक मुरडणं सोपं आहे. पामतेलाची जगात सर्वाधिक आयात भारतच करतो, आणि बिस्किटांपासून फरसाणापर्यंत ते आपल्याच घरात येतं.