जिना (घरबांधणी)

जिना म्हणजे इमारतीचे दोन मजले जोडणारा पायऱ्यांचा मार्ग. घराच्या नकाशात त्याची जागा सर्वांत आधी ठरायला हवी. नागपुरात ३० × ५० फुटी प्लॉटवर घर बांधताना मात्र हॉल, बेडरूम, पार्किंग ठरल्यावर जो कोपरा उरेल तिथे तो बसवला जातो. खोली फूटभर लहान झाली तरी निभते. जिन्याची लांबी फूटभर घटली की सगळ्याच पायऱ्या आखूड होतात आणि घर उभे राहिल्यावर त्यावर इलाज नसतो.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) निवासी जिन्याची रुंदी किमान १ मीटर, पाय ठेवायची जागा (ट्रेड) किमान २५० मिमी आणि पायरीची उंची (रायझर) जास्तीत जास्त १९० मिमी असते. ही शेवटची मर्यादा आहे, सोयीचे माप नव्हे. सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद ब्लोंदेल याने चालीच्या लांबीवरून बांधलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज साधारण ६०० ते ६४० मिमी यावी. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे ३०४८ मिमी असेल, तर १८ रायझर प्रत्येकी सुमारे १६९ मिमीचे येतात. ट्रेड २७० मिमी धरला की बेरीज ६०८ होते. मध्ये वळणाऱ्या दुहेरी जिन्याला त्यासाठी दोन्ही लँडिंगसह (टप्प्यांच्या टोकांची सपाट जागा) साधारण १४ × ७ फूट जागा लागते. पायऱ्यांची संख्या विषमच हवी असा अनेक घरमालकांचा आग्रह असतो. १७ रायझर घेतले तर उंची १७९ मिमी होते आणि तीही चालते, फक्त दोन टप्पे ९ आणि ८ असे होतात.

पायरी थोडी उंच असली तरी पायाला तिची सवय होते. असमान पायरीची होत नाही. ठेच बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या पायरीला लागते, आणि तिचे कारण फरशीच्या जाडीत असते. समजा, खोलीतली फरशी मसाल्यासह ७५ मिमी आणि पायरीवरचा कोटा दगड मसाल्यासह ४० मिमी होणार आहे. मिस्त्रीने काँक्रीटमध्ये सगळे रायझर १६९ मिमीचेच काढले, तर फरशी बसल्यावर पहिली पायरी १३४ मिमी उरते आणि शेवटची २०४ मिमी होते. म्हणून कच्च्या कामात पहिला रायझर २०४ आणि शेवटचा १३४ काढावा लागतो. त्यासाठी फरशीचा निर्णय सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागण्यापूर्वी व्हायला हवा. भिंतीवर दोन्ही मजल्यांच्या तयार फरशीची पातळी मारून सगळ्या पायऱ्या आधी आखून घेणारा मिस्त्री मिळाला, तर त्याच्या हाताला घाई लावू नये.

लोखंड बांधताना तपासायची जागा म्हणजे पायऱ्यांखालचा चढता स्लॅब वरच्या लँडिंगला मिळतो तो सांधा. तिथे तळचे गज लँडिंगच्या तळाशी वाकवून पुढे नेले, तर भार आल्यावर ते सरळ व्हायला बघतात आणि खालचे काँक्रीट फोडतात. चढातले गज सरळ लँडिंगच्या वरच्या थरात आणि लँडिंगचे तळगज चढाच्या वरच्या थरात नेऊन एकमेकांना ओलांडायचे असतात. ओतकामाआधी हे डोळ्यांनी पाहता येते, नंतर नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत अरुंद, उभे लाकडी जिने असत. आजच्या घरांत काँक्रीटचा दुहेरी जिना रूढ आहे. गोल लोखंडी जिना जागा वाचवतो, पण त्यावरून कपाट किंवा कूलर चढत नाही आणि वृद्धांना तो धोक्याचा ठरतो. वरचा मजला भाड्याने द्यायचा किंवा भावाला द्यायचा असेल, तर बाहेरून जिना घेतात. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. बाहेरच्या जिन्याचा पाया उथळ ठेवला, की तो घरापासून सुटून सांध्यात तडा जातो; घराच्या पायाइतकाच खोल जाणे हा त्यावरचा उपाय. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर उघड्यावरचे स्टीलचे रेलिंग दुपारी हातात धरवत नाही, म्हणून तिथे लाकडी मूठ किंवा विटांचा कठडा बरा. आतला जिना पश्चिमेच्या भिंतीला घेतला, तर दुपारचे ऊन तो झेलतो आणि खोल्यांना तापापासून थोडी उसंत मिळते. गच्चीजवळ जाळीची खिडकी ठेवली, तर साचलेली गरम हवा रात्री तिथून निघून जाते.

पायरीला गुळगुळीत पॉलिशचा ग्रॅनाइट लावू नये. कोटा किंवा खरबरीत दगड घ्यावा आणि कडेला खाचा पाडून घ्याव्यात. रेलिंगच्या दोन गजांमधली फट १०० मिमीपेक्षा कमी ठेवावी, म्हणजे लहान मुलाचे डोके त्यातून जात नाही. जिन्याखालच्या जागेत इन्व्हर्टर, गॅस सिलिंडर, बॅटरीची स्कूटर ठेवण्याची पद्धत पडली आहे आणि ती मोडायला हवी, कारण आग लागली तर वरच्या माणसांना उतरायला तेवढा एकच मार्ग असतो. चार्जिंगचा पॉइंट आणि मीटरबोर्ड आवारभिंतीकडे घ्यावेत.