डॉब्सोनियन दुर्बिणीवरील सेटिंग सर्कल

दुर्बीण कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर रोखली आहे हे अंशांत सांगणाऱ्या मोजपट्टीला सेटिंग सर्कल म्हणतात. डॉब्सोनियन, म्हणजे साध्या लाकडी पेटीत बसवलेली, आडवी फिरणारी आणि वर-खाली होणारी आरशाची दुर्बीण. तिला अशा दोन पट्ट्या लागतात. पायथ्याशी बसणारी आडवी पट्टी दिगंश, म्हणजे क्षितिजावरची दिशा, दाखवते. तो उत्तरेपासून पूर्वेकडून फिरत ०° ते ३६०° मोजतात. नळीबरोबर वर-खाली होणारी दुसरी पट्टी उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, ०° ते ९०° दाखवते. विकत मिळणाऱ्या साध्या डॉब्सोनियनवर या पट्ट्या सहसा नसतात. हौशी निरीक्षक प्लायवूड, छापील पट्टी आणि सुतारकामातला डिजिटल कोनमापक घेऊन त्या घरी बसवतात. नागपूरसारख्या उजळ आकाशाच्या शहरात दुर्बिणीवर एकच सुधारणा करायची असेल तर ती हीच करावी. मोठ्या आरशाचा विचार त्यानंतरचा.

गरज

अंधूक वस्तू शोधण्याची रुळलेली रीत अशी: ओळखीच्या ठळक ताऱ्यापासून निघायचे आणि फाइंडरमधल्या (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतल्या) बारीक ताऱ्यांच्या खुणा धरत वस्तूपर्यंत पोचायचे. रीत उत्तम आहे, तिने आकाश पाठ होते. पण त्यासाठी वाटेतले तारे दिसावे लागतात. धरमपेठेतल्या एखाद्या गच्चीवरून एप्रिलच्या रात्री चित्रा सहज दिसते, हस्ताचा चौकोन कसाबसा लागतो आणि मधली वाट कोरी असते. त्याच कोऱ्या भागात सोंब्रेरो दीर्घिका, मेसियरच्या यादीतली एम १०४, आहे. ८ इंची आरशातून ती शहरातूनही फिकट, लांबट डागासारखी दिसते. म्हणजे प्रकाश पुरेसा मिळतो, नळी नेमकी तिथे वळवणे तेवढे जमत नाही. सेटिंग सर्कलने हे काम होते.

त्यासाठी लागणारी अचूकता माफक आहे. ६ इंची एफ/८ आणि ८ इंची एफ/६ या दोन्ही प्रचलित दुर्बिणींचे नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे; एफचा आकडा म्हणजे ते भागिले आरशाचा व्यास) १२०० मिमीच्या आसपास असते. २५ मिमीच्या प्लॉसल प्रकारच्या नेत्रिकेने (डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट वर्धन आणि सुमारे १° रुंदीचे दृष्टिक्षेत्र मिळते, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट. वाचन अर्ध्या अंशाच्या आत असले तर वस्तू क्षेत्रात येतेच. ३२ मिमीची नेत्रिका लावली तर आणखी थोडी सूट मिळते. अंशाचे साठ भाग वाचण्याची गरज कुठेच पडत नाही.

पूर्वपीठिका

दिगंश आणि उन्नतांश मोजून ताऱ्याची जागा सांगणे दुर्बिणीहून कितीतरी जुने आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेल्या उज्जैनच्या वेधशाळेत दिगंश यंत्र आजही पाहता येते. पुढे दुर्बिणी पृथ्वीच्या आसाशी समांतर अशा विषुववृत्तीय बैठकीवर बसू लागल्या आणि त्यांची चक्रे विषुवांश व क्रांती, म्हणजे ताऱ्याचे आकाशातले रेखांश-अक्षांश, दाखवू लागली. हे आकडे ताऱ्यांच्या यादीतून सरळ घेता येतात, रात्रभर बदलत नाहीत.

डॉब्सोनियन बैठक पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळली. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत १९४४ पासून १९६७ पर्यंत संन्यासी म्हणून राहिले. १९६८ मध्ये त्यांच्या प्रेरणेने रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवणारी ‘सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स’ ही संस्था निघाली. प्लायवूडची पेटी, फॉर्मायकावर सरकणारे टेफ्लॉनचे तुकडे आणि न्यूटनीय (आरशाची) नळी, एवढ्यावर मोठी दुर्बीण उभी राहते हे त्यांनी दाखवून दिले. या बैठकीत दिगंश आणि उन्नतांश दोन्ही सतत बदलतात, कारण आकाश तासाला १५° सरकते. प्रत्येक वस्तूसाठी त्या क्षणाचे आकडे गणिताने काढावे लागत, म्हणून दीर्घकाळ डॉब्सोनियनवर सेटिंग सर्कल कोणी फारसे लावले नाही. खिशातल्या मोबाइलवर स्टेलॅरियमसारखे अॅप आले, दर क्षणाचे आकडे आपोआप दिसू लागले आणि हा अडसर गेला.

दिगंशचक्र

खरी मेहनत इथे आहे आणि ती इथेच घ्यावी. दुर्बिणीचा रॉकर बॉक्स, म्हणजे नळीला धरणारी पेटी, ज्या तळफळीवर फिरतो ती बहुधा त्रिकोणी किंवा लहान असते. तिच्या जागी १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायची, रॉकर बॉक्सच्या बाहेर थोडी डोकावणारी गोल फळी कापून घेतात. व्यास मनाला येईल तो घेण्यापेक्षा हिशेबाने घेतला तर पुढची डोकेदुखी वाचते. पट्टीचा व्यास ४५८ मिमी असेल तर परीघ १४४० मिमी होतो आणि प्रत्येक अंशाला बरोबर ४ मिमी मिळतात. ५७३ मिमी व्यासाला परीघ १८०० मिमी, म्हणजे अंशाला ५ मिमी. पहिल्या मापाला शिंप्याकडची १५० सेंमीची टेपही पुरते: कडेभोवती ती गुंडाळायची आणि सेंटीमीटरच्या आकड्याला अडीचने गुणायचे. तरी रात्री अंधारात गुणाकार करायला लागू नये म्हणून छापील पट्टीच बरी.

पट्टी संगणकावर आखून फ्लेक्सच्या दुकानातून व्हिनाइल स्टिकरवर खऱ्या मापात छापून मिळते. घरच्या प्रिंटरवर तुकड्यातुकड्यांनी छापायची असेल तर पानात बसवण्यासाठी आकार आपोआप लहान करण्याची सोय आधी बंद करावी. पूर्ण वर्तुळ छापून घेतले तर त्याचा व्यास आडवा आणि उभा असा दोन्हीकडून मोजावा, कारण छपाई एका दिशेने किंचित ताणली गेली की वर्तुळ लंबगोल होते. ३६०° ची खूण ०° वर नेमकी आली नाही तर उरलेली फट एका जागी न ठेवता पट्टी पुन्हा छापावी.

आकडे कोणत्या बाजूने वाढतात याची गल्लत सर्रास होते. पट्टी स्थिर तळफळीवर आणि काटा फिरत्या पेटीवर असेल तर वरून पाहताना आकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढले पाहिजेत. पट्टी फिरत्या भागावर आणि काटा स्थिर भागावर ठेवला तर आकडे उलट दिशेने छापावे लागतात.

पण सगळ्यात मोठी चूक केंद्राची असते. वर्तुळाचे केंद्र आणि मधल्या बोल्टचा अक्ष जुळले नाहीत तर खुणा कितीही बारीक असल्या तरी वाचन चुकते. ४५८ मिमी व्यासाच्या चक्रावर केंद्र २ मिमी सरकले की चूक अर्ध्या अंशापर्यंत जाते, आणि तीही एका दिशेला अधिक, समोरच्या दिशेला उणे. म्हणून आधी बोल्टचे छिद्र पाडावे, त्याच छिद्रात खिळा धरून राउटर किंवा जिगसॉने गोल कापावे आणि पट्टी त्या कडेला लावावी. छिद्र सैल असेल तर पितळी बुश बसवावा. इतवारीतल्या लोहाओळीत असल्या वस्तू मिळतात. तरीही विषमता उरली तर एकमेकांसमोर, १८०° वर, दोन काटे लावून दोन्ही वाचनांची सरासरी घेतात. त्यात केंद्राची चूक आपोआप कटते. हा उपाय जुन्या वेधयंत्रांपासून चालत आला आहे आणि त्याहून सोपा दुसरा नाही.

काटा म्हणून अॅक्रिलिकच्या पातळ तुकड्यावर एक रेघ ओढून तो पट्टीला जवळजवळ टेकेल असा लावतात. पट्टी आणि रेघ यांत अंतर राहिले की डोळा हलवताच वाचन बदलते. काटा पक्का ठोकून टाकू नये. चुंबकाने किंवा लांबट खाचेतल्या स्क्रूने तो दोन्हीकडे दहा-दहा अंश सरकता ठेवावा. ही सोय का लागते ते पुढे येते. वाचनासाठी मंद लाल एलईडी पुरतो.

उन्नतांश

इथे चक्र बनवण्याच्या फंदात पडू नये. नळीच्या बाजूचे गोल बेअरिंग साधारण १५० मिमी व्यासाचे असते आणि त्यावर एका अंशाला जेमतेम १.३ मिमी जागा येते. त्यापेक्षा सुतार वापरतात तो चुंबकी तळाचा डिजिटल कोनमापक नळीवर ठेवावा. त्यावर अंशाचा दहावा भाग दिसतो. पत्र्याच्या नळीला तो आपोआप चिकटतो. पुठ्ठ्याच्या किंवा पीव्हीसीच्या नळीवर लोखंडी पट्टी स्क्रूने बसवावी. नळीची बाहेरची बाजू प्रकाशीय अक्षाला अगदी समांतर असेलच असे नाही. ओळखीच्या ताऱ्यावर दुर्बीण लावून अॅपमधला आकडा आणि कोनमापकाचा आकडा यांतला फरक एकदा लिहून ठेवला की पुढे तेवढा धरायचा.

हा मापक गुरुत्वाकर्षणाच्या आधारे कोन मोजतो, त्यामुळे पाया थोडा कलला तरी त्याने दाखवलेली उंची खरी राहते. दिगंशचक्राला ही सवलत नाही.

समतल करणे आणि जुळवणी

गच्चीला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो. शंभराला एक या प्रमाणातला ढाळही अर्ध्या अंशाहून अधिक भरतो. पाया १° कलला तर ६०° उंचीवर दिगंशाचे वाचन पावणेदोन अंशांपर्यंत चुकू शकते. म्हणून तळफळीच्या तिन्ही पायांना वर-खाली होणारे बोल्ट असावेत. समतल झाले की नाही हे स्पिरिट लेव्हलपेक्षा त्याच डिजिटल कोनमापकाने पाहावे: तो रॉकर बॉक्सच्या तळावर ठेवून पेटी पूर्ण फिरवायची. वाचन सगळीकडे सारखे राहिले तर फिरण्याचा अक्ष उभा आहे. ते शून्यच आले पाहिजे असे नाही.

मग दिशा जुळवायची. पत्र्याच्या नळीजवळ आणि स्लॅबमधल्या सळ्यांवर होकायंत्रावर विसंबू नये. ध्रुवतारा दिसत असेल तर प्रश्नच मिटतो. नागपूरचा अक्षांश २१.१५° असल्याने तो साधारण २१° उंचीवर असतो आणि खऱ्या उत्तरेपासून पाऊण अंशाहून जास्त ढळत नाही. पण शेजारची इमारत किंवा पाण्याची टाकी त्याला झाकते, तेव्हा दुसरा एखादा ठळक तारा धरतात. तळफळी अंदाजाने उत्तरेला लावायची, तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणायचा आणि काटा सरकवून अॅपमधल्या दिगंशावर ठेवायचा. काटा सरकता ठेवतात तो यासाठी. जुळवणीचा तारा ३०° ते ६०° उंचीवरचा, आणि ज्या वस्तूकडे जायचे तिच्या जवळचा घ्यावा. पाया किंवा केंद्र यांच्या उरल्यासुरल्या चुका मग दोन्हीकडे सारख्याच पडतात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास एम १०४ नागपूरच्या मध्यान्हवृत्तावर, नेमकी दक्षिणेला, सुमारे ५७° उंचीवर असते. त्याच वेळी चित्रा दिगंश १६०° आणि सुमारे ५६° उंचीवर असते. चित्रेवर काटा १६०° ला जुळवायचा, पेटी १८०° पर्यंत पश्चिमेकडे फिरवायची आणि नळी दीड अंशाहून थोडी कमी उचलायची. दीर्घिका क्षेत्रात नसेल तर आजूबाजूला अर्धा अंश चाळून पाहावे. आकडे वाचून नळी वळवेपर्यंत चार मिनिटे गेली तर आकाश १° सरकलेले असते, म्हणून अॅपचे आकडे ताजे घ्यावेत.

अॅपमध्ये ठिकाण मुंबईच राहिले असेल तर रेखांशाच्या फरकानेच सहा अंशांपर्यंत चूक होते. स्वतः तक्ता करणाऱ्याने आणखी एक ध्यानात घ्यावे: प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आहे आणि नागपूर ७९.०९° वर, त्यामुळे इथली स्थानिक मध्यम वेळ घड्याळाच्या साडेतेरा मिनिटे मागे असते. ही दुरुस्ती विसरली तर जवळजवळ साडेतीन अंशांचा फरक पडतो.

डोक्यावरचा प्रदेश

डॉब्सोनियन बैठकीला खमध्याजवळ, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूजवळ, नीट फिरता येत नाही. ८५° उंचीवर आकाशात १° आडवे जायला पेटी साडेअकरा अंश फिरवावी लागते. अक्षांशामुळे नागपुरात हा भाग फार मोलाच्या वस्तूंनी भरलेला आहे: कृत्तिका, पुष्याचा तारकागुच्छ, स्वाती आणि वृषभेतला क्रॅब तेजोमेघ, एम १, हे सगळे इथे खमध्यापासून तीन अंशांच्या आतून जातात. कोनमापक तिथेही चोख चालतो, दिगंशचक्राचा मात्र उपयोग होत नाही. अशा वस्तू डोक्यावर येण्याआधी किंवा डोक्यावरून गेल्यावर तासाभराने पाहाव्यात. तेवढ्यात त्या ७५° च्या आसपास असतात आणि आकडे पुन्हा कामाला येतात.

दक्षिणेकडे उलट स्थिती आहे. अगस्ती जास्तीत जास्त १६° आणि ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ २१° उंची गाठतो. या उंचीवर दिगंशातली एका अंशाची चूक आकाशातही जवळजवळ पूर्ण अंशाची असते, म्हणून इथे चक्राच्या अचूकतेची खरी कसोटी लागते.

शहराबाहेर

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील क्षेत्राला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, भारतात तो पहिलाच. तिथे फाइंडरमध्ये तारे भरपूर दिसतात आणि सर्कलची गरज कमी भासते. पण पेंच नागपूरच्या उत्तरेला आहे. शहराचा उजेड तिथून दक्षिण क्षितिजावर चढतो, ओमेगा सेंटॉरी आणि धनूचा खालचा भाग ज्या बाजूला आहेत त्याच बाजूला, आणि तेवढ्या पट्ट्यासाठी आकडे तिथेही हाताशी असावेत.

एन्कोडर, म्हणजे फिरण्याचा कोन मोजणारे संवेदक, लावून मोबाइलवर थेट स्थान दाखवणारी डिजिटल सर्कल आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने तारे ओळखून दिशा सांगणाऱ्या दुर्बिणीही मिळतात. त्यांची किंमत छापील पट्टी आणि कोनमापक यांच्या कित्येक पट असते.

देखभाल

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. गच्चीवर उन्हात राहिलेल्या व्हिनाइलचा डिंक सुटतो आणि पट्टी आखडते, म्हणून बैठक घरात ठेवावी किंवा पट्टीवर पारदर्शक पॉलियुरेथेनचा हात द्यावा. जून ते सप्टेंबर निरीक्षण बंदच असते. त्या काळात प्लायची कड दमट हवेने फुगते, विशेषतः कापलेली कड रंगाने बंद केलेली नसेल तर. पावसाळ्यानंतर पट्टीचा परीघ पुन्हा मोजावा, मधला बोल्ट आवळावा आणि कोनमापकाची बॅटरी बदलावी. मग एकमेकांपासून दूरच्या दोन ताऱ्यांवर, समजा अभिजित आणि श्रवण यांच्यावर, वाचने ताडून पाहावीत. एकावर जुळवून दुसऱ्यावर गेल्यावर फरक अर्ध्या अंशाच्या आत राहिला तर चक्र ठीक आहे. त्याहून जास्त आला तर आधी पायाचा समतोल आणि मग केंद्र तपासावे. पट्टी बदलण्याची वेळ क्वचितच येते.